रक्ताने माखलेले भयपट इतकी वर्षे का टिकले?

मांजराकाठ, लातूर

मंडळी, नमस्कार. आमच्या महाविद्यालयाच्या वाङ्मय मंडळाने नुकतीच मराठी भयकथेवर चर्चा ठेवली होती. नारायण धारपांपासून सुरुवात करून आजच्या लेखकांपर्यंत यावे, असा आम्हा शिक्षकांचा बेत होता. परंतु विद्यार्थ्यांनी थोड्याच वेळात विषय चित्रपटांकडे वळवला, आणि तोही ओसाड वाडे, करकरणारे दरवाजे आणि पैंजणांचे आवाज असलेल्या चित्रपटांकडे नव्हे, तर ज्यांत माणसे करवतीने कापली जातात, आतडी बाहेर येतात आणि भिंतीच्या भिंती रक्ताने माखतात, अशा चित्रपटांकडे. त्यांनी घेतलेली बरीच नावे त्यांच्या आईवडिलांच्या जन्माच्या आसपासची होती. 1974 सालचा 'द टेक्सस चेन सॉ मॅसेकर' विशीतला मुलगा आज लातुरात मोबाईलवर पाहतो आणि त्यातले प्रसंग मित्रांना तपशीलवार सांगतो, ही गोष्ट मला सहज सोडून देण्यासारखी वाटली नाही.

त्याच बैठकीत एका विद्यार्थिनीने सांगितले की मागच्या उन्हाळ्यात नांदेड रस्त्यावर तिने अपघात पाहिला आणि त्यानंतर कितीतरी वेळ तिला घास गिळवेना. असले चित्रपट मात्र ती शेवटपर्यंत पाहते. हे कसे, असे मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, "सर, तिथं कुणाला तरी खरंच लागलं होतं."

माणसाला मुळातच हिंसा आवडते, हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. तसे असते तर त्या मुलीला अपघातही पाहवला असता. दिग्दर्शकाला काही सुचत नाही म्हणून तो रक्त ओततो, हेही पटत नाही, कारण ज्यात काहीच सुचलेले नाही ते पन्नास वर्षे टिकत नाही. रहस्यावर बेतलेला भुताचा चित्रपट रहस्य उलगडले की निम्मा संपतो; हे चित्रपट मात्र पुढचे सगळे पाठ असतानाही पुन्हा पुन्हा पाहिले जातात. किळस ही तर माणसाला दूर लोटणारी भावना. ती त्याला पडद्यासमोर आणून बसवते कशी, आणि एका पिढीमागून दुसऱ्या पिढीला बसवत राहते कशी, यावर जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

वेरूळवाट, छत्रपती संभाजीनगर

सर, आपल्या विद्यार्थिनीने एका वाक्यात जे सांगितले, त्यावर आपल्याकडे फार जुना विचार झालेला आहे. भरतमुनींनी आपल्या 'नाट्यशास्त्र' या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात बीभत्स रसाला शृंगार आणि वीर यांच्या पंगतीला बसवले. जुगुप्सा, म्हणजे किळस, हा त्याचा स्थायीभाव, म्हणजे रसाच्या मुळाशी असलेली भावना. एवढ्यावर न थांबता त्याने बीभत्साचे प्रकार पाडले. रक्त, आतडी यांच्या दर्शनाने मन हादरते तो क्षोभज, आणि विष्ठा, किडे पाहून शिसारी येते तो उद्वेगी. आजच्या रक्तरंजित भयपटांचे जवळजवळ सगळे भांडवल या दोन प्रकारांत मावते. कोणत्या रसातून कोणता रस उपजतो हे सांगताना याच अध्यायात "बीभत्साच्च भयानकः" असे वचन आहे. मूळ चार रसांत बीभत्स आहे, भयानक नाही. भयानक हा बीभत्सातून जन्मलेला. भयपटात किळसवाणे दृश्य म्हणजे वरून टाकलेली फोडणी, असे जे समजले जाते, त्याच्या नेमके उलट हे मत आहे, आणि मला ते खरे वाटते. प्रेत पाहून जी मळमळ होते, तिच्या तळाशी हेही शरीर तसेच आहे ही जाणीव असते, आणि भय त्या जाणिवेतून वर येते.

भरताने मात्र त्याच वेळी युद्ध, मरण यांसारख्या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, प्रवेशकातून, म्हणजे अंकांच्या मधल्या छोट्या प्रवेशातून, कळवाव्यात, असेही बजावले. भवभूतीने 'मालतीमाधव' या संस्कृत नाटकाच्या पाचव्या अंकात स्मशान उभे केले आहे आणि तिथला पिशाच्च प्रेताचे कातडे सोलून मांस कसे खातो याचे वर्णन नायक माधवाच्या तोंडी घातले आहे. काव्यशास्त्राच्या ग्रंथांनी बीभत्साचे उदाहरण म्हणून हाच श्लोक उचलला. तिथे प्रेक्षक ऐकतो, आणि चित्र स्वतःच्या मनात काढतो.

शिल्पकारांनी ही मर्यादा पाळली नाही. वेरूळच्या पंधराव्या, म्हणजे दशावतार लेण्याच्या वरच्या मजल्यावर भैरवाचे भले मोठे शिल्प आहे. गळ्यात मुंडमाळ, शस्त्राच्या टोकावर तोललेला असुर, त्याचे रक्त झेलण्यासाठी पुढे केलेले पात्र, आणि खाली हाडांचा सापळा झालेली काली, जिच्या बरगड्या दुरूनही दिसतात आणि जिचे तोंड त्या रक्तासाठी उघडे आहे. शाळांच्या सहली येतात तेव्हा मी तिथे पुष्कळदा असतो. सारीपाट खेळणाऱ्या शिवपार्वतींपुढून मुले भराभर पुढे सरकतात आणि या कालीपुढे थबकतात. काही जण मागे सरतात, पण नजर काढत नाहीत. गुरुजींना हाका मारून मारून त्यांना तिथून हलवावे लागते. मराठवाड्यातल्या मुलाला हे काही परके नसते. परशुरामाने आईचे शिर उडवल्याची कथा माहूरगडाच्या वाटेवर त्याने आजीकडून ऐकलेली असते. हिरण्यकशिपूचे पोट फाडून नरसिंहाने आतड्यांची माळ गळ्यात घातली, हे कीर्तनकार पोखर्णीसारख्या नरसिंहाच्या गावी हातवारे करून सांगतो आणि बायाबापड्या मान डोलावत ऐकतात.

हे आवडते म्हणून ते लोक क्रूर ठरतात का? नाही, आणि याला प्रयोगाचा आधार आहे. क्लार्क मॅकॉली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना खऱ्या चित्रफिती दाखवल्या. एकीत कत्तलखाना होता, एकीत माकडाला मारून त्याचा मेंदू ताटात वाढला जात होता, एकीत लहान मुलीच्या चेहऱ्यावरील शस्त्रक्रिया होती. कोणत्याही क्षणी फीत बंद करण्याची मुभा होती, आणि बहुतेकांनी ती शेवटच्या आधीच बंद केली. पैसे मोजून कापाकापीचे चित्रपट पाहणारी हीच तरुण मुले. तेव्हा रक्त हे आकर्षण नव्हेच; हे खोटे आहे, कुणीतरी रचलेले आहे, ही खात्री पाठीशी असताना रक्ताकडे टक लावून पाहता येते, ते आकर्षण आहे. पॅरिसमधील 'ग्राँ गिन्योल' हे नाट्यगृह 1897 ते 1962 एवढा काळ मुख्यतः अशाच नाटकांवर चालले. ते बंद पडताना त्याच्या अखेरच्या संचालकाने जे कारण दिले, त्याचा आशय असा होता की महायुद्धापूर्वी रंगमंचावरचे प्रकार अशक्य कोटीतले वाटत असत, आणि छळछावण्यांनंतर प्रेक्षकाला तसे वाटेनासे झाले. खात्री डळमळली, आणि त्याबरोबर रसही गेला.

एक फरक नोंदवला पाहिजे. नरसिंहाच्या कथेतले रक्त पाप्याचे असते, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या मनात हिशेब पूर्ण होतो. 1968 नंतरच्या अनेक भयपटांत मरणाऱ्याने काहीच केलेले नसते. तो चुकीच्या वळणावर गाडी वळवतो, एवढेच. ही निरर्थकता आपल्या परंपरेत फारशी नव्हती, आणि तरुणांना ती आजच्या जगाच्या जास्त जवळची वाटत असावी, असे माझे मत आहे.

रात्रपाळी, नांदेड

वेरूळवाट दादांचे पटले. मी रुग्णालयात परिचारिका आहे आणि अपघात विभागात बरीच वर्षे काढली आहेत, म्हणून रक्ताच्या बाजूने थोडे लिहिते.

चित्रपटातले रक्त आमच्या विभागातील कुणालाही फसवू शकत नाही. खरे रक्त शरीराबाहेर आले की काही मिनिटांत साकळू लागते, त्याच्या गुठळ्या होतात, चादरीवर ते तपकिरी पडत जाते, आणि त्याला एक लोखंडी वास असतो जो हात धुतल्यावरही नाकातून जात नाही. पडद्यावरचे रक्त तासाभरानेही लालभडकच राहते. हा दोष नाही, उलट हीच त्या चित्रपटांची सोय आहे. वास नाही, कण्हणे नाही, दाराबाहेर उभे असलेले नातेवाईक नाहीत. किळसेचा जो भाग खरोखर असह्य असतो तो वगळून डोळ्यांपुरता भाग तेवढा समोर ठेवलेला असतो. त्यामुळे ड्युटीवरून आल्यावर आमच्यातल्या काही जणी हे चित्रपट निवांत पाहतात आणि काही जणींना टीव्हीवरचे साधे इंजेक्शनही नको असते. कामाची सवय आणि चित्रपटाची आवड यांचा सरळ संबंध मला कधी दिसला नाही.

मिरचीच्या ठेच्याशी याची तुलना पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञाच्या लेखनात सापडते. अर्थात तो ठेचा म्हणत नाही, तिखट मिरची म्हणतो. जीभ भाजते, डोळ्यांतून पाणी येते, शरीर धोक्याची सूचना देते, पण धोका नाही हे मनाला ठाऊक असते आणि त्या ठाऊक असण्यातच सुख असते. भीतीचे चित्रपट, रडवणारी गाणी, उंच पाळणे हे सगळे त्याने याच गटात घातले. डेन्मार्कमधील ऑर्हूस विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 साली भयगृहात शिरणाऱ्या लोकांच्या हृदयाच्या ठोक्यांची नोंद घेऊन दाखवले की भीती फार कमी असली तर मजा येत नाही आणि फार वाढली तरीही येत नाही. मधल्या टप्प्यावर ती सर्वाधिक असते. हा मधला टप्पा प्रत्येकाचा निराळा. डोळ्यांवर हात ठेवून बोटांच्या फटीतून पाहणारी मुलगी तो टप्पा स्वतः राखत असते. तिला भित्री म्हणून चिडवणाऱ्यांना हे कळत नाही.

सर, आपल्या मंडळात असा चित्रपट दाखवणार असाल तर एक काळजी घ्या. इतर भीतींत छाती धडधडते आणि रक्तदाब वाढतो. रक्त आणि जखम यांच्या भीतीत मात्र काही जणांचा रक्तदाब आधी वाढून मग एकदम खाली येतो आणि माणूस चक्कर येऊन पडतो. हा मनाचा कच्चेपणा नाही, शरीराची प्रतिक्रिया आहे, आणि अनेक घरांत ती आईवडिलांकडून मुलांत आलेली दिसते. घाम फुटला, कानात आवाज येऊ लागला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्या विद्यार्थ्याला खाली आडवे करून पाय थोडे उंच ठेवावेत. ज्यांना आपल्याला असे होते हे आधीपासून माहीत आहे, त्यांनी हात, पाय आणि पोटाचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळून सैल सोडावेत आणि तसे काही वेळा करावे. त्याने रक्तदाब टिकतो. उभ्याने कुणालाही पाहू देऊ नका.

तंबूतला प्रेक्षक, लोहा

वरील दोन्ही प्रतिसाद मन लावून वाचले. तरीही हे चित्रपट "टिकले" याचे श्रेय त्यांच्या कारागिरीला आणि त्यांच्या फिरतीला द्यायला हवे, असे मी आग्रहाने म्हणेन.

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत टुरिंग टॉकीजचे तंबू लागत, तेव्हाचा मी प्रेक्षक आहे. रामसे बंधूंनी 1972 च्या 'दो गज ज़मीन के नीचे' पासून जी वाट पाडली, तिचे पुढचे चित्रपट, विशेषतः 1984 चा 'पुराना मंदिर', आमच्याकडे या तंबूंतूनच पोहोचले. जमिनीवर सतरंजी, मधे दोरी बांधून एका बाजूला बायका, बाहेर जनरेटरचा घरघराट. राक्षस येण्याची वेळ झाली की पुढे बसलेली पोरे पडद्याकडे पाठ करून मागच्या माणसांची तोंडे पाहत. कोण किंचाळतो, कोण पदर तोंडात धरतो, कोण उगाच हसतो, हे पाहणे हा त्यांचा दुसरा चित्रपट असे. पाठ असलेला प्रसंग पुन्हा का पाहतात, या आपल्या प्रश्नाचे एक उत्तर मला तिथे मिळाले. ज्याने आधी पाहिलेला आहे तो न पाहिलेल्याला घेऊन येतो, आणि त्याच्या भीतीचा साक्षीदार होतो. आज मोबाईलवर एकट्याने पाहणारा मुलगासुद्धा दुसऱ्या दिवशी मित्राला सांगितल्याशिवाय राहत नाही, हे आपणच लिहिले आहे.

आता कारागिरीविषयी. 1960 च्या 'सायको'तील न्हाणीघरातील खुनात मोरीतून वाहणारे रक्त म्हणजे चॉकलेटचे सिरप होते. चित्रपट कृष्णधवल असल्याने रंगाचा प्रश्नच आला नाही. 1968 च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'मध्येही तेच वापरले, आणि पुन्हा उठलेली प्रेते जी आतडी खातात ती खाटकाकडून आणलेली होती. पुढे रंग आल्यावर कॉर्न सिरप आणि खाण्याचा रंग यांचे मिश्रण रूढ झाले, ज्याचे प्रमाण बसवण्यात डिक स्मिथ या रंगभूषाकाराचा मोठा वाटा आहे. या चित्रपटांचा जाणता चाहता रक्ताच्या धारेकडे पाहत असतो तेव्हा नळी कुठून नेली असेल, कातडे कशाचे असेल, कट नेमका कुठे मारला असेल, हेही पाहत असतो. जादूगाराचा हात पकडण्याची ही ओढ आहे, आणि ती दहाव्यांदा पाहतानाही शमत नाही. संगणकावर काढलेले रक्त आले तेव्हा जुन्या प्रेक्षकांनी नाके मुरडली, त्याचे कारणही हेच. तिथे पकडायला हातच उरत नाही.

गंमत अशी की आपल्या विद्यार्थ्याने सांगितलेल्या 'टेक्सस चेन सॉ'मध्ये प्रत्यक्ष रक्त फारच थोडे दिसते. दिग्दर्शक टोबी हूपरला सौम्य प्रमाणपत्राची आशा होती, म्हणून त्याने हात आखडता घेतला. करवतीचा आवाज, टेक्ससच्या उन्हाळ्यातला घाम आणि हाडांनी सजवलेले घर यांवर भागवले. पाहणारा मात्र आपण फार काही पाहिले अशी शपथ घेऊन बाहेर पडतो. भवभूतीचा माधव जे शब्दांनी करतो, ते हूपरने आवाजाने केले. त्यामुळे केवळ रक्ताच्या घागरी ओतणारे शेकडो चित्रपट विसरले गेले आणि हा राहिला.

आणि पैसा. कमी भांडवलात, अनोळखी नट घेऊन, एका घरात चित्रपट उरकता येतो असा हा एकमेव व्यवसाय असल्यासारखा होता. 2004 चा 'सॉ' सुमारे 12 लाख डॉलरांत झाला आणि त्याने जगभरात 10 कोटी डॉलरांहून अधिक गल्ला जमवला. असा हिशेब समोर असताना नवा दिग्दर्शक याच दारातून आत येणार. 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'चे तर आणखी वेगळे झाले. ऐनवेळी नाव बदलताना वितरकाकडून स्वामित्वहक्काची ओळ छापायची राहिली, अमेरिकेत तो कुणाचाच उरला नाही, आणि ज्याला हवी त्याने त्याची प्रत काढून दाखवली. करणाऱ्यांचे नुकसान झाले, चित्रपट मात्र घराघरांत गेला. ब्रिटनमध्ये 1984 च्या व्हिडिओ कायद्यामागे अशाच कॅसेटींवरचा गदारोळ होता, आणि बंदीच्या यादीत नाव आले की त्या कॅसेटीचा शोध वाढत असे. आपल्याकडचे ताजे उदाहरण 'तुंबाड'चे. 2018 मध्ये बेताचे यश मिळालेला हा चित्रपट 2024 मध्ये पुन्हा चित्रपटगृहांत लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. त्यातला हस्तर हा शापित देव आणि देवीचा तो लालभडक गर्भाशय पाहायला लोक घरी पाहिलेला चित्रपट तिकीट काढून पुन्हा पाहत होते.

बालाघाट, औसा

सर्वांचे लिखाण अभ्यासपूर्ण आहे, पण मला या आवडीत सहभागी होता येत नाही, आणि त्याचे कारण नोंदवणे गरजेचे वाटते. 30 सप्टेंबर 1993 ची भूकंपाची पहाट आमच्या भागात कुणी विसरलेले नाही. आदल्या दिवशी गणपतीचे विसर्जन झाले होते. किल्लारीच्या परिसरात दगड-मातीच्या धाब्याच्या घरांखालून ज्यांनी माणसे काढली, त्यांत माझे वडील होते. घरात अशा चित्रपटाचा एखादा प्रसंग लागला की ते काही न बोलता उठून अंगणात जातात. एकदाच त्यांनी माझ्या मुलाला विचारले होते, "कामून बघायलास रे असलं?" आणि उत्तराची वाट पाहिली नाही.

शिवाय या चित्रपटांत कापल्या जाणाऱ्यांत तरुण मुली किती असतात, आणि कॅमेरा त्यांच्यावर किती वेळ रेंगाळतो, याचाही विचार वरच्या प्रतिसादांत आलेला नाही. खोटे आहे हे ठाऊक असले तरी तेच ते पाहून नजर घडत असतेच. मोबाईल दहा वर्षांच्या मुलाच्याही हातात आहे.

वेरूळवाट, छत्रपती संभाजीनगर

काका, आपल्या वडिलांना प्रथम माझा नमस्कार कळवा. ज्याने खरे पाहिले त्याला खोट्याची चौकट आधार देऊ शकत नाही, हे 'ग्राँ गिन्योल'च्या शेवटानेही दाखवले, आणि त्यांचे उठून जाणे मला पूर्णपणे समजते. मात्र याच अनुभवातून माणूस उलट दिशेलाही जातो. 1978 च्या 'डॉन ऑफ द डेड'ची रक्तदृश्ये रचणारा टॉम सॅव्हिनी व्हिएतनामच्या युद्धात सैन्याचा छायाचित्रकार होता. समोरचे भीषण दृश्य सोसण्यासाठी आपण ते रंगभूषेच्या नजरेने पाहत असू, असे त्याने मुलाखतींतून सांगितले आहे. त्याने जे पाहिले होते ते पुन्हा आपल्या हाताने घडवले, आणि या वेळी चित्रीकरण संपल्यावर सगळी प्रेते उठून जेवायला गेली. एकाच प्रकारच्या आघाताने एक माणूस अंगणात जातो आणि दुसरा कार्यशाळेत. दोघांचाही मला आदर वाटतो.

मुलींबाबतचा आपला आक्षेप रास्त आहे, आणि बऱ्याच चित्रपटांना तो लागू पडतो. कॅरल क्लोव्हर या विदुषीने 1987 च्या आपल्या लेखात त्याची दुसरी बाजू मांडली. असल्या चित्रपटांत शेवटी जिवंत उरते ती बहुधा एकटी मुलगी, आणि सुरुवातीला मारेकऱ्याच्या डोळ्यांनी पाहणारा तरुण प्रेक्षक अखेरीस तिच्या बाजूने श्वास रोखून बसलेला असतो. त्याने आधीच्या प्रसंगांतील ओंगळपणा धुऊन निघतो असे मी म्हणणार नाही, पण प्रेक्षक तिथे फक्त कापाकापी पाहायला बसलेला नसतो एवढे त्यातून दिसते. लहान मुलांविषयी मात्र वाद नको. 2023 च्या कायदादुरुस्तीने 'यूए' प्रमाणपत्राचे 7, 13 आणि 16 वर्षे असे टप्पे केले आहेत आणि ओटीटीवरही तशीच वर्गवारी आहे. ते आकडे पालकांनी वाचावेत आणि 'ए' असेल तिथे मोबाईल काढून घ्यावा.

मांजराकाठ, लातूर

सर्वांचा मनापासून आभारी आहे. ताईंच्या सूचना मी उतरवून घेतल्या आहेत. विद्यार्थ्यांबरोबर एक चित्रपट पाहून त्यावर बोलावे, असे ठरते आहे. सगळे अठरा वर्षांवरील आहेत. तंबूतला प्रेक्षक, आपण एक नाव सुचवाल का?

तंबूतला प्रेक्षक, लोहा

सर, 1968 चा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' घ्या. कृष्णधवल असल्याने रक्ताची भीती असलेल्यांना तो थोडा सोपा जाईल, तरी ताईंच्या सूचना पाळाच; भाषा सोपी आहे आणि लांबी दीड तासाच्या आसपास आहे. चर्चेसाठी त्यातले तळघर पुरेल. घरात अडकलेल्यांपैकी एक जण सगळ्यांनी तळघरात लपावे म्हणतो, तर दुसरा वरच थांबून दारेखिडक्यांना फळ्या ठोकतो, आणि शेवटी कुणाचे म्हणणे बरोबर ठरले यावर मुले एकमेकांशी भांडतील. शेवट त्यांना आधी सांगू नका. चित्रपट संपल्यावर लगेच दिवे लावू नका. श्रेयनामावलीबरोबर जी ठिपक्याठिपक्यांची स्थिरचित्रे येतात, ती वर्तमानपत्रातल्या दंगलीच्या छायाचित्रांसारखी आहेत, आणि मुलांनी ती पाहणे आवश्यक आहे.